शालनबाईनं वाढवलेली पिलं

माझं गाव कोणतं म्हणून विचारलंत, तर काय सांगू तुमाला, मेंढरामागं जन्मलेल्या माणसाला एकच एक गाव नसतं. आमचं मूळ घर औंधाच्या पल्याड, माळावर, पण मी जन्मलो खाली पलूसच्या शिवारात, कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती तिथं. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायची. आई सांगायची, तू झालास त्याच सकाळी तीन कोकरं झाली, थंडी होती, मग तुला आणि कोकरांना एकाच घोंगड्यात गुंडाळलं, रडतंय कोण तेच मला कळंना. मला अजून डोळे मिटले की त्या ओल्या लोकरीचा वास येतो. खरा येतो, का आईनं सांगून सांगून डोक्यात बसलाय, ते आता या वयात वेगळं करता येत न्हाई.

नाव म्हादू. शाळेत त्याचं महादेव झालं. आडनाव राहू द्या, पोरंबाळं नोकरीला हायेत. आज तुमाला बोलावलं ते माझं कौतुक लिहायला न्हाई. माझ्या नावानं चालत आलेली एक गोष्ट माझी न्हाई, ती शालनबाईची हाय. आणि तिच्या नावाला मी लावलेला एक डाग तिचा न्हाई, तो माझा हाय. एवढं दोन वाक्यांत सांगून होतं, पण दोन वाक्यांत सांगितलं तर कुणाला पटत न्हाई, म्हणून सगळं सांगतो.

मी दहाएक वर्षांचा असताना आमच्या मेंढरांना एक रोग लागला. मेंढरू चरता चरता मागं राहायचं, लोकर ओढली की हातात यायची, डोळ्याच्या आत पांढरंफटक दिसायचं आणि मग गळ्याखाली पाण्यानं भरलेली पिशवी लोंबायची. सकाळी बाप काठी उचलून निघाला की त्यातलं एखादं उठायचंच न्हाई. बाप म्हणायचा, कुणाची तरी नजर लागली. पुढं शिकल्यावर मला कळलं की ते यकृतातले जंत होते, आणि ते येतात तळ्याच्या कडेच्या बारीक गोगलगायींतून. गोगलगायीच्या पोटात ते वाढतात, तिथून पाण्याकडच्या गवतावर येतात आणि मेंढरू ते गवत खातं. हे कळलं तवा बाप न्हाई, मेंढरं न्हाईत, कुणाला सांगणार.

शिकलो कसा, तर मामानं सांगलीला वसतिगृहात घातलं म्हणून. मॅट्रिक झाल्यावर पलूसकडं एका कोंबड्यांच्या शेडवर काम केलं, चारपाच वर्षं. तिथं मी कोंबडी शिकलो. एक दिवसाचं पिलू आलं की त्याला ऊब किती, खाद्य कोणतं, पाणी किती उथळ ठेवायचं, खाली अंथरलेला भाताचा तूस कोरडा कसा राखायचा. तूस ओला झाला की रोग आला, हे तिथल्या मालकानं माझ्या हाडात घातलं होतं. नंतर जनावरांच्या दवाखान्यात लागलो. डॉक्टर नव्हतो मी, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस, पण वाडीवस्तीवर मोठे डॉक्टर कवा यायचे, म्हणून लोक मलाच डॉक्टर म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. आवडायचं मला ते.

नव्वद साल उलटून गेल्यावर माझी बदली आमच्याच माळाच्या अंगाला झाली. गावाचं नाव लिहू नका. गावाखाली एक पाझर तलाव होता. तुमाला सांगतो, त्या कोरड्या मुलखात ते पाणी म्हणजे कुणीतरी माळावर आरसा विसरून गेल्यासारखं दिसायचं. थंडीच्या दिवसांत सकाळी त्याच्यावर वाफ उठायची, पलीकडची मेंढरं दिसायची न्हाईत, नुसती खुरांची चुबुकचुबुक ऐकू यायची. मी सायकल थांबवून ऐकत बसायचो. वाटायचं त्या वाफेतून आता बाप येईल, काठी खांद्यावर आडवी टाकून, आणि विचारील, म्हादू, कळलं का रं कशानं मेली?

आणि त्या मेंढरांच्या गळ्याखाली पिशव्या होत्या. तीच कळा. मी तळ्याच्या कडेला बसून चिखल चाचपला, तर मुठीत दहावीस गोगलगायी आल्या, करंगळीच्या नखाएवढ्या. प्रशिक्षणात आमाला सांगितलं होतं की बदकं गोगलगायी खातात, तळ्यावर बदकं सोडली की हा रोग निम्म्यावर येतो. मी वर कागद पाठवला, मागं लागलो, आणि चाळीस पिलं मंजूर झाली. कल्पना माझीच होती. एवढं मात्र माझं.

पण राखणार कोण. पारावर बसून मी धनगर मंडळींना समजावलं, तर सोपानतात्या म्हणून आमच्यातले जाणते होते, ते म्हणाले, डॉक्टर, आमी मेंढरं राखावीत का बदकं, उद्या म्हणशीला मासं पण चारायला न्या. सगळे हसले. तवा मागनं एक बाई म्हणाली, मला द्या, माझं दार तळ्यावरच हाय. ती शालन. तळ्याच्या खालच्या अंगाला बौद्धांची दहाबारा घरं होती, त्यातलं शेवटचं तिचं. नवरा किसन साताऱ्याला कारखान्यात होता, आठवड्यानं यायचा. जनावराच्या बाबतीत तिचा हात लय चांगला, अडलेली गाय असली तरी तिला बोलावणं जायचं. सोपानतात्यांच्या कपाळाला आठी पडली, पण दुसरं कुणी पुढं येईना.

पिलं मी एसटीनं आणली. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका मांडीवर घेऊन बसलो होतो, आतनं किलबिल चाललेली. कंडक्टर आला, खोक्याला कान लावून म्हणाला, किती माणसं हायेत आत, अर्धं तिकीट पडंल. एका म्हातारीनं भोकातनं बघितलं आणि म्हणाली, आवं, ह्यांच्या चोची कुणी चेपल्या? त्या प्रवासात मी लय सुखात होतो. खिडकीतनं ऊन खोक्यावर पडायचं तवा आतली पिलं गप व्हायची, सावली आली की परत ओरडायची. पिवळी पिवळी, हरभऱ्याच्या डाळीसारखी. आजही दुपारी डोळा लागला की मी त्या गाडीत असतो आणि गाडी कुठं पोचतच न्हाई.

खोका शालनकडं दिला आणि मी चारसहा दिवस दुसऱ्या गावाला लसीकरणाला गेलो. ती काय खायला घालते हे विचारलं पण न्हाई. परत आलो तर दारात दगडी पाट्यावर काहीतरी ठेचत बसलेली. बघतो तर गोगलगायी. शेजारी परातीत पाणी, त्यात पिलं चोची डोळ्यापर्यंत बुडवून खळखळ करतायत, सगळीकडं चिखल. मडक्यात कोंडा भिजवलेला, ज्वारीच्या कण्या भिजवलेल्या, त्यात चिघळाची भाजी बारीक चिरलेली. आणि चाळीसच्या चाळीस पिलं जिवंत, टणटणीत. ते मला दिसलं न्हाई. मला दिसला तो ओला चिखल आणि गोगलगायी.

मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, हे काय चालवलंयस, ह्या गोगलगायींत जंत असतात, एवढ्याशा पिलांना रोग लावशील. ती म्हणाली, आवं डॉक्टर, ह्याच खायला आणलीत नव्हं त्यास्नी? मी म्हटलं, मोठी झाल्यावर. आता न्हाई. आणि हे पाणी काढ, अंग भिजलं की गारठून मरतील, तूस ओला झाला की रोग येतो. ती म्हणाली, पाण्याबिगर घास उतरत न्हाई त्यांचा, बघा की, एक घास खात्यात आनि पाण्याकडं पळत्यात. मी म्हटलं, शालन, मी हे शिकून आलोय. बघा, काय बोललो मी. शिकलो होतो ती कोंबडी. बदकाचं पिलू म्हणजे चपट्या चोचीचं कोंबडीचं पिलू, एवढंच माझ्या डोक्यात.

मी पलूसहून कोंबडीच्या पिलांचं खाद्य आणून दिलं. पिठासारखं कोरडं असतं ते, त्यात कोंबड्यांच्या रोगावरचं औषध पण मिसळलेलं. पाण्याला कोंबड्यांचं भांडं दिलं, नुसतं चोचीचं टोक बुडेल एवढं. कोंडा बंद, चिघळ बंद, गोगलगायी बंद. पाटा पालथा घातला तिनं.

पुढचे दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात, पाण्याखाली चालल्यासारखे. आधी दोनचार पिलं घशात पीठ अडकून गेली. मी म्हटलं, एवढं चालायचंच. मग बाकीची चालताना झोकांड्या खायला लागली. पाय धनुष्यासारखे वाकले, गुडघे सुजले, आणि एक दिवस बघतो तर तुसावर सगळी पिलं बसलेली, उठता येत न्हाई, पंखांची बोटं मारत पुढं सरकतायत. कोरडा तूस, स्वच्छ भांडी, पलूसच्या शेडसारखं सगळं लख्ख, आणि त्याच्यात ती बसलेली. आवाज पण करीनात. शालन दाराला टेकून उभी. म्हणाली, डॉक्टर, आता तरी पाणी दिऊ का? मी म्हटलं, थांब, औषध आणतो. औषध कशाचं, ते मलाच माहीत न्हाई.

नंतर शिकलो ते असं, की त्या पिलांच्या पायाला लागणारा एक जीवनसत्त्वाचा भाग कोंबडीच्या खाद्यात कमी पडतो. कोंबडीला तेवढा पुरतो, बदकाला दुप्पट लागतो. तो कोंड्यात असतो, गोगलगायीत असतो. म्हणजे मी नेमकं तेच तिच्या हातातनं काढून घेतलं होतं.

तेहेतीस पिलं मेली. वरचे साहेब चौकशीला आले. पारावर खुर्ची मांडली. साहेबांनी विचारलं, खायला काय घालत होता? शालन म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं तेच. साहेब माझ्याकडं वळले. सोपानतात्या तंबाखू मळत होते, ते म्हणाले, आमी आधीच म्हटलं व्हतं. काय म्हटलं होतं ते सगळ्यांना कळलं, साहेबांना पण कळलं. शालन माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं मी सांगणार. तिच्या तोंडावर भीती नव्हती, एवढं मला आठवतंय, नुसती वाट बघत होती, जशी माणसं गाडीची बघतात.

आणि मी म्हटलं, साहेब, मी हिला गोगलगायी बंद करायला सांगितलं होतं. हिनं ऐकलं न्हाई. चोरून घालत राहिली.

असं बोललो मी. गेल्या वर्षापर्यंत हे कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. बायको गेली, तिला पण सांगितलं न्हाई.

नोंदवहीत मी माझ्या हातानं लिहिलं, पाळणाऱ्या महिलेनं हेळसांड केली. शालन भांडली असती तर बरं झालं असतं. साहेब म्हणाले, उरलेली सात पिलं लंगडी हायेत, विल्हेवाट लावा. तवा ती म्हणाली, ती मला द्या, कुणाला नको हायेत तर. पदर पुढं केला तिनं, मी त्यात सात पिलं ठेवली. हातावर हलकी लागली, वाळल्या पानासारखी.

महिन्यानं असेल, मी सकाळी तळ्याच्या बांधावरनं सायकलवर चाललो होतो. वाफ होती. वाफेतनं आवाज आला, बदकांचा. उतरून बाभळीमागं उभा राहिलो. ऊन वर आलं, वाफ फाटली, आणि बघतो तर उथळ पाण्यात सात बदकं. चालतायत. दोन जरा फेंगडी, पण चालतायत. काठाला शालन मांडी घालून बसलेली, मांडीत मडकं. मला वाटलं मी झोपेतच हाय.

मग मी रोज जायला लागलो, चोरासारखा. तीन आठवडे गेलो. बाभळीमागनं बघायचो आणि दवाखान्यात येऊन वहीत लिहायचो. माणसाला लाज वाटते तवा तो तोंड लपवतो, मी तोंड लपवून तिची विद्या उतरवून घेत होतो. तवाच्या सुमारास तिनं दोन नवी, अगदी बारकी पिलं पण कुठनं तरी आणली होती, किसननं आणली असावीत, त्यामुळं मला पहिल्या दिवसापासूनचं बघायला मिळालं. सुरवातीला कोंडा आणि कण्या पाण्यात पातळ पेजेसारख्या, त्यात गोगलगाय कवचासकट ठेचून लगदा केलेली. शेजारी पाण्याचं खोलगट भांडं, पिलाची चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल असं, पण पिलू पोहणार न्हाई असं. त्यात तिनं दगड ठेवलेले असायचे. आईची ऊब नसलेलं पिलू पाण्यात भिजलं की गारठतं, हे तिला माहीत होतं, मी ओरडायच्या आधीच माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यात पेज घट्ट व्हायची, चिघळ वाढायचं, गोगलगाय नुसती फोडून टाकायची. बारीक वाळू मूठभर कडेला ठेवायची, दळायला लागते पोटात. तिसऱ्या आठवड्यात उन्हं तापली की घटकाभर काठावर सोडायची आणि कोरडी करून परत आत. एकदा तिनं शेंगदाण्याची पेंड हातात घेतली, वास घेतला आणि लांब भिरकावली. मी ती नंतर उचलून बघितली, जराशी कुबट होती. कोंबडी एक वेळ तेवढं सोसते, बदकाचं पिलू मरतं. तिला हे कोण शिकवायला गेलं होतं?

मग मी दुसऱ्या एका गावाला पिलं मागवली आणि शालनच्या रीतीनं वाढवून घेतली. सगळी जगली. पुढच्या वर्षी त्या गावच्या तळ्यावरच्या मेंढरांच्या गळ्याखाली पिशव्या दिसल्या न्हाईत. आणखी गावांनी मागणी केली. दवाखान्याच्या भिंतीवर आमी तक्ता रंगवून घेतला, बदकाच्या पिलांचा आहार, आठवड्यावार. खाली माझं नाव. साताऱ्याला एका कार्यक्रमात मला शाल घातली, नारळ दिला, मी चार शब्द बोललो. त्यात मी म्हटलं, निरीक्षणातून शिकलो. खोटं न्हाई बोललो, बघा. माणूस खरं बोलून पण चोरी करू शकतो.

तक्ता रंगवल्यावर एक दिवस शालन शेळी घेऊन दवाखान्यात आली. भिंतीपुढं उभी राहिली. सातवीपर्यंत शिकलेली होती ती, सावकाश सगळं वाचलं तिनं, पहिल्या आठवड्यापासून माझ्या नावापर्यंत. मी आत औषधाच्या बाटल्या पुसत होतो, पुसलेल्याच परत पुसत होतो. मग ती म्हणाली, अक्षर चांगलं काढलंय. शेळीला औषध पाजलं आणि गेली.

त्यानंतर माझी बदली झाली, मग आणखी एक, मग निवृत्ती. आता साताऱ्यात थोरल्याकडं असतो. अंगण न्हाई, गच्ची हाय, गच्चीवर खुर्ची टाकून बसतो आणि माझ्या डोळ्यापुढं कायम ते तळं. गेल्या वर्षी दवाखान्यातनं घरी आलो, माझ्या छातीचं दुखणं होतं, आणि पोराला म्हटलं, मला एकदा गावाकडं सोड. तो म्हणाला, कुठल्या गावाला? आपलं गाव कोणतं तेच मला माहीत न्हाई. मी म्हटलं, एसटीत बसवून दे, मी जातो.

शालनबाई दारात पावटे सोलत बसली होती. केस पांढरे झालेले, घराला स्लॅब पडलेला. किसन गेला म्हणाली, पोरगा साताऱ्याला, सून आत. ओळखलं तिनं. म्हणाली, या डॉक्टर. मी म्हटलं, डॉक्टर म्हणू नका, मी कवाच डॉक्टर नव्हतो. ती म्हणाली, मग बापू म्हणते, बसा. मी सगळं सांगितलं, पारावरचं, नोंदवहीतलं, बाभळीमागचं. ती पावटे सोलत राहिली. संपलं तवा म्हणाली, बाभळीमागं तुमी दिसायचा की. सायकल चमकायची उन्हात.

मी म्हटलं, मग बोलला का न्हाई?

ती म्हणाली, काय बोलायचं? मी आपली तुमच्या अंगाला तोंड करून बसायला लागले. म्हटलं बघू दे बाबाला नीट. दुसऱ्या गावची पिलं तरी जगतील. त्या दोन बारक्या पिलांचं काय वाटलं तुमाला? पहिल्यापासनं दावायला नको व्हय?

मी खाली बघितलं. मला वाटत होतं मी चोरलं, आणि ती वाढत होती मला.

मग तिनं विचारलं, बापू, त्या तुमच्या गावांत बदकांचं पंख बाहेर वळायचं का? मोडल्यावानी, बाजूला लोंबत्यात तसं? मी म्हटलं, व्हय, पुष्कळांचं व्हायचं, मी त्यांना जातीचा दोष सांगायचो. ती म्हणाली, जात कसली. तुमी तीन आठवडे आलात आनि मग आलाच न्हाईत. पुढचं भिंतीवर लिवलं ते तुमच्या मनाचं, पेंड वाढवा, खुराक वाढवा. मी वाचलं तवाच म्हटलं, हितं चुकलं. पंख फुटायला लागलं की खुराक हलका करायचा असतो बापू. जड खाऊन पंख अंगाआधी वाढतो, मग त्याचा भार हाडाला झेपत न्हाई, तो बाहेर वळतो. तवा पेंड बंद, पालापाचोळा, तळ्यातलं त्यांचं त्यांनी शोधायचं, संध्याकाळी परत यायपुरती मूठभर कण्या. हात आखडायचा. पिलं मागं मागं येत्यात, तरी आखडायचा.

मी म्हटलं, तवाच का न्हाई सांगितलं? ती म्हणाली, तुमी इच्यारलं न्हाई. एवढंच. रागानं न्हाई, सरळ.

मी हात जोडले. म्हटलं, माझ्याकडनं काय हवं ते सांगा. तिनं सोललेले पावटे बाजूला सारले. मग म्हणाली, बदकांचं मला काय न्हाई. पण त्या दिवसापासनं कुणी मला गोठ्यात घेतलं न्हाई. गाय अडली तरी बोलावणं न्हाई. मी दिसले की व्यालेली म्हैस आत बांधायचे. शालनचा हात जनावराला चांगला न्हाई, असं झालं. माझा हात चांगला व्हता बापू, तुमाला तर ठाऊक हाय. तुमी पारावर बोललात, आता पारावरच सांगा.

दुसऱ्या दिवशी पारावर गेलो. सोपानतात्या न्हाईत, त्यांच्या वयाचं कुणीच न्हाई. दोन म्हातारे आणि चारपाच पोरं मोबाइल बघत बसलेली. मी उभं राहून सांगितलं, लय वर्षांमागं ह्या गावात बदकाची पिलं आणली होती, ती माझ्यामुळं मेली. एक म्हातारा म्हणाला, बदकं? ह्या गावात? दुसऱ्याला पण आठवंना. मी म्हटलं, शालनबाईकडं दिली होती. तर लगेच एक पोरगा म्हणाला, शालनआजी का, तिचा हात जनावराला चांगला न्हाई म्हणत्यात. त्या पोराचा तवा जन्म पण झाला नव्हता. बदकं विसरली, तळं गाळानं भरत आलं, साहेब गेले, तात्या गेले, आणि माझं खोटं तेवढं तिथं बसलेलं, धडधाकट, खाऊनपिऊन वाढलेलं.

मी सांगितलं, ते मी खोटं बोललो होतो. पोरगा म्हणाला, असंल बाबा, आणि मोबाइलमधी बघाय लागला.

शालनबाईला जाऊन सांगितलं, मी बोललो पण कुणी मनावर घेतलं न्हाई. ती म्हणाली, एका दिवसात कुणाला पटतंय. परत या.

म्हणून मी जातो. दर बाजाराच्या दिवशी सकाळची गाडी धरतो. पारावर बसतो, जो येईल त्याला सांगतो. काही जण हसतात, म्हातारा आला बदकं घेऊन म्हणतात. मागल्या महिन्यात एकानं विचारलं, बापू, मला खरंच पिलं आणायची हायेत, काय घालू? मी म्हटलं, मला न्हाई, खाली शेवटच्या घरात विचार. तो गेला का न्हाई ते मला माहीत न्हाई.

देव तिला उदंड आयुष्य देवो, माझ्यापेक्षा जास्त देवो. लिहून झालं असेल तर एकदा वाचून दाखवा. माझं नाव अर्धं राहिलं तरी चालंल, तिचं पुरतं लिहा, शालन किसन कांबळे. आणि आता मी जरा पडतो. उद्या बाजार हाय.